उतरंड सर

सर स्क्रीनवर बोट ठेवून डेटा मोठ्यानं वाचायचे, पोथी वाचावी तसा. "ही गावांची यादी. यादीत गाव. गावात वस्त्यांची यादी. वस्तीत माणसं आन् टँकरच्या खेपा." लातूरच्या आमच्या कार्यालयात नवीन आलेला माणूस हे ऐकून हसायचा. मीही हसले होते.

यादीच्या आत डिक्शनरी, म्हणजे नावं दिलेले कप्पे, आणि त्या कप्प्यात पुन्हा यादी, असा गुंता समोर आला की सर गाडग्यांची उतरंड सांगायचे. "तळातलं पायजे ना ताई? मग वरची एकेक उतरवा. आन् एक उघडून बाकीच्यांत काय हाय ते ठरवू नका." म्हणून ते उतरंड सर. ते देवणीकडचे, कंत्राटी ऑपरेटर. मीही कंत्राटीच, पण नांदेडची इंजिनिअर. त्यांच्याकडून शिकणं मला कमीपणाचं वाटे.

एका दुष्काळात टँकरच्या यादीचा प्रोग्रॅम मी लिहिला. नमुन्याच्या गावात एकच वस्ती होती, म्हणून प्रत्येक गावातली फक्त पहिली वस्ती उचलली आणि पुढं सरकले. आपल्याकडे नोंद करणारा गावठाण आधी लिहितो, बौद्धवस्ती शेवटी. रीतच आहे ती, कुणाला खटकत नाही. माझ्या एका ओळीनं अशा सगळ्या वस्त्या कोरड्या ठेवल्या. त्यात सरांचीही होती.

चूक सरांनीच शोधली. प्रत्येक गावातल्या प्रत्येक वस्तीवरून फिरणारा एक लूप घातला आणि सुटलेली नावं यादीत आली. पण तेव्हा नवा जिल्हा होणार अशी हवा होती, आणि कार्यालयाच्या वऱ्हाडी साहेबांचा डोळा तिकडच्या खुर्चीवर होता. आपली पहिली यादी चुकली हे त्यांना कबूल करायचं नव्हतं. ते सगळ्यांसमोर सरांना म्हणाले, "सोताच्या लोकांची सोय करून राहिले का?"

"न्हाई साहेब. सुटलेल्या समद्याच घेतल्यात."

ती ओळ माझी, एवढंच मला म्हणायचं होतं. मी भित्री. मान खाली घालून कीबोर्ड पुसत बसले.

टँकर वस्त्यांवर पोचले, आणि महिनाअखेरीस सरांचं कंत्राट संपवलं. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. तिथं तरी सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तर सरच म्हणाले, "तुमची ओळ हाय हे मला पयल्याच दिवशी दिसलं व्हतं, ताई. साहेबांसमोर तुम्ही बोलाल म्हणून मी थांबलो."

एस्टी लागली, ते चढले. त्याच प्रोग्रॅमबद्दल शाबासकी देऊन साहेबांनी माझं कंत्राट वर्षभर वाढवलं, आणि मी ते घेतलं.