बांगडीतल्या पिना

दिवा स्टेशनच्या पुलावर गर्दीचा फायदा घेऊन अंगाला हात लावणारे पुरुष रोजच भेटतात, म्हणून आईने आम्हा दोघी बहिणींच्या बांगड्यांत सेफ्टी पिना अडकवल्या. उघडायची आणि खुपसायची. मी बऱ्याच जणांच्या मांड्यांत खुपसल्या आणि त्याचं मला आजही सुख आहे. धाकटी घाबरट. तिच्या पिना नुसत्याच लोंबायच्या.

कामाला आम्ही डोंबिवलीच्या एका शेडमध्ये होतो. धान्यातला लोखंडाचा कीस ओढून काढणारी मोठाली चुंबकं तिथे बनत. सुपरवायझरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लोखंडाच्या पोटात बारीक बारीक चुंबकंच असतात, फक्त प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. मोठं चुंबक जवळ आलं की सगळी एका दिशेला वळतात आणि साधी पिनसुद्धा चुंबक होऊन बसते. पितळ मात्र त्याला भीक घालत नाही, म्हणून आमची हत्यारं पितळेची. अंगावर लोखंड नको, हेही तो म्हणाला. पण पिना आमच्या अंगाचाच भाग. त्या ना त्याला दिसल्या, ना आम्हाला.

एका दुपारी धाकटीचा उजवा हात पिनांसकट चुंबकाकडे खेचला गेला. ती दचकली, दोन चुंबकांच्या मधली लाकडी पट्टी निसटली आणि समोरचं दुसरं चुंबक तिच्या बोटांवर येऊन आदळलं. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला.

कुणीतरी पहार आणली, ती चुंबकानेच हिसकावून घेतली. दोघं जण जीव खाऊन ओढत होते. ओढून चुंबकं सुटत नाहीत, बाजूला सरकवावी लागतात, हे सगळेच विसरले. मीही. मी पितळी हातोडा उचलला.

"ओ मॅडम, मॅग्नेट फुटेल! केवढ्याचं आहे माहितीये?" मालक ओरडला.

"आधी तुझं डोकं फोडते, थांब!"

खरंच फोडलं असतं. मी चुंबकाच्या कडेवर घाव घालत सुटले. ते तडकलं, तुकडे उडून पुन्हा एकमेकांवर झडप घालू लागले. तेवढ्यात मी तिचा हात ओढून काढला. दोन बोटं गेली.

बँडेज सुटलं त्याच आठवड्यात पुलावर एकाने तिला चिमटा काढला. घरी येऊन ती रडली नाही. "ताई, पिना आण," म्हणाली. दुकानात होत्या नव्हत्या तेवढ्या मी आणल्या. फुटलेल्या चुंबकाचा एक तुकडा मी जपून ठेवला होता. तो मांडीवर घेऊन तिने एकेक पिन त्याला लावून पाहिली. चिकटली ती फेकली. पितळेच्या तेवढ्या बांगडीत अडकवल्या.

"आता डाव्या हाताने कशी खुपसायची, ते शिकव."