रमणभाऊंनी गाडी बदलली

औषधांना एक्स्पायरी असते, किश्श्यांना नसते, हे मला मेडिकल टाकल्यावर कळलं. नांदुऱ्यात बसस्टँडच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. संध्याकाळी दुकानाबाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसतो. मी, कॉलेजात इतिहास शिकवणारे गवई सर आणि कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक रमणभाऊ. गिऱ्हाईक खोकल्याचं औषध न्यायला येतं आणि जाताना एखादी गोष्ट ठेवून जातं. असा मोठा ढीग साचला आहे माझ्याकडे. पण हल्ली त्या ढिगात दुसऱ्या कोणाचं काही पडतच नाही. सगळं रमणभाऊंचं. कारण एकच, त्यांनी गाडी बदलली.

आधीची गाडी आधी सांगतो, नाहीतर आमचे धक्के तुम्हाला कळायचे नाहीत. परदेशी कंपनीची, उघड्या टपाची, पुण्याहून आणलेली सेकंडहँड. बटण दाबलं की टप आपोआप मागं घडी होऊन बसायचा. दुपारच्या उन्हात टप लावून एसी, ऊन उतरलं की टप उघडा. सीट अशा मऊ की माणूस बसला की उठायचं नाव घेत नसे. रमणभाऊंची बायको, सुनंदावहिनी, वडनेर भोलजीच्या शाळेत शिक्षिका. सकाळी भाऊ त्यांना सोडायचे, संध्याकाळी आणायचे. येताना वहिनींच्या डोक्याला स्कार्फ आणि तोंडात दिवसभराची शाळा. कोणी कोणाला ढकललं, कोणी डब्यात काय आणलं, वडनेरपासून नांदुऱ्यापर्यंत सगळं सांगून व्हायचं. भाऊ नुसते ऐकायचे आणि हसायचे. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. दिवसातला त्यांचा तोच वेळ सुखाचा होता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

टप उघडा असल्यानं गावालाही त्यातलं थोडं मिळायचं. एकदा भाजीवाल्या बाईनं हात करून गाडी थांबवली. आम्हाला वाटलं, मेथी देते आहे. ती वहिनींना म्हणाली, "बाई, काल त्या पोट्ट्यानं डबा कोनाचा खाल्ला, थे अर्धंच राह्यलं. गाडी निंगून गेली ना."

वहिनींनी राहिलेलं सांगितलं. मागं ट्रॅक्टर हॉर्न देत उभा. गवई सर मला म्हणाले, "बंडूभाऊ, हे गाडी नाई. हा चालता ओटा हाये."

* * *

मग एका रविवारी रस्त्यावर असा आवाज आला की मला वाटलं, भर बाजारात कोणी मळणीयंत्र सुरू केलं. समोरच्या किराणावाल्यानं शटर अर्धं खाली ओढलं. दुकानासमोर एक लाल वस्तू येऊन थांबली. उंची माझ्या काउंटरपेक्षा कमी. दार उघडलं, आधी एक पाय बाहेर आला, मग बराच वेळ काहीच आलं नाही. मग दोन हात जमिनीला टेकले आणि त्यामागून रमणभाऊ निघाले.

"स्पोर्ट्स कार हाये," ते म्हणाले. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता. "खरी. एसी नाई, पॉवर स्टेअरिंग नाई, गाणे नाई. काईच नाई."

काही नसल्याचा एवढा अभिमान मी पहिल्यांदाच पाहिला.

"जुनी कुठं हाये?" मी विचारलं.

"देली. बदल्यात देली पुण्याच्या मानसाले."

गवई सर म्हणाले, "वहिनीले इचारलं?"

"सरप्राइज हाये तिले."

सर माझ्याकडे वळले. "ॲसिडिटीच्या गोळ्या काढून ठेवा बंडूभाऊ. माह्यासाठी नाई. रमणभाऊले लागतीन, घरी गेल्यावर."

* * *

गाडीची पूजा झाली ती अंगणात. वहिनी ताट घेऊन बाहेर आल्या, ओवाळायला हात पुढं केला, तर गाडी हाताच्या खालीच राहिली. शेवटी पाट मागवला आणि पाटावर बसून ओवाळलं. भाऊंच्या आईनं खिडकीतून विचारलं, "सुनंदा, कोनाले जेवाले वाढून राह्यली व?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी त्या गाडीतून शाळेत गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. त्या दोन फेऱ्यांत काय झालं ते भाऊंनी स्वतः सांगितलं. वहिनी नेहमीसारख्या बोलत होत्या. भाऊंना ओठ हलताना दिसत होते. इंजिन दोघांच्या पाठीशी लागूनच, त्यामुळं शब्द एकही येत नव्हता. तोंड पाहून भाऊ अंदाजानं "हो, हो" म्हणत राहिले.

घरी उतरल्यावर वहिनींनी केसातली धूळ झटकली आणि म्हणाल्या, "आयकाचं नसन तं तसं सांगा लागत होतं. त्याच्यासाठी गाडी कायले बदलली?"

भाऊ हसले. त्यांना वाटलं, गंमत आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पर्स आणि डबा घेऊन माझ्या दुकानासमोरून चालत स्टँडवर गेल्या आणि एसटीत बसल्या. मी आणि गवई सर बघत उभे राहिलो. लग्न झाल्यापासून ही दोघं स्कूटरवर, मग जीपमध्ये, मग त्या ओट्यावर, पण वडनेरला गेली ती सोबतच. मला तर कोणाच्या घरात भांडी फुटल्यावर वाटलं नसतं इतकं वाईट वाटलं.

* * *

पण गाडी थांबणारी नव्हती. माझ्या भाच्याचं लग्न ठरलं तेव्हा जुनी उघडी गाडी वरातीसाठी बोलून ठेवलेली होती. गावातल्या निम्म्या नवरदेवांची वरात त्या गाडीतून निघाली आहे. भाऊ म्हणाले, "शब्द देला तं देला. नव्या गाडीत नेतो त्याले."

नवरदेव आत बसला. फेटा टपाला लागला, म्हणून फेटा मांडीवर घेतला. बँड सुरू झाला, पोरं नाचायला लागली आणि गाडी तापायला लागली. चालत्या माणसाच्या वेगानं जायची तिला सवयच नाही. काटा वर चढला, धूर यायला लागला. भाऊ खिडकीतून ओरडले, "हवा लागली पायजे तिले. जरा पुढं नेऊन आणतो." आणि गेले.

आम्ही नाचत नाचत अर्ध्या तासानं मंडपाशी पोहोचलो. नवरदेव फाटकाशी एकटा उभा होता, फेटा हातात, पोशाखाला धुळीचा थर; भाऊ त्याला उतरवून गाडीला आणखी हवा लावायला गेले होते. नवरीकडचा एक म्हातारा त्याला दम देत होता. "लग्नाले एकटाच आला काय बे? मागं मानूस नाई, बँड नाई. कोन हायेस तू?"

भाचा रडवेला होऊन म्हणत होता, "येऊन राह्यले ना सगळे. मांगून येऊन राह्यले."

माझी बहीण अजून माझ्याशी नीट बोलत नाही. जणू गाडी मीच घेतली.

* * *

कापसाचा हंगाम सुरू झाला. भाऊंना कापूस पाहायला वरवट बकालकडे जायचं होतं. जीप होती, पण जीपनं गेले तर रमणभाऊ कसले. आमच्याकडे प्रत्येक गावाचा आपापला गतिरोधक असतो. सरकार एक करतं, गावकरी मुरूम टाकून त्यावर आणखी एक करतात. तशा एकावर गाडी पोटावर बसली. पुढची चाकं हवेत, मागची हवेत. भाऊ आत बसून झोका घेत राहिले.

शेतातून कापूस वेचून बाया घरी चालल्या होत्या. त्या थांबल्या. एकीनं गाडीभोवती चक्कर मारली, ओटीतला कापूस दुसरीच्या हातात दिला. भाऊ उतरायला लागले तर ती म्हणाली, "बसा ना भाऊ, तुमी कायले उतरता? तुमचं काई वजन नाई."

चौघींनी धरली आणि भाऊंसकट उचलून पलीकडे ठेवली. मग ओटी बांधून हसत निघून गेल्या. हा किस्सा भाऊंनी सांगितला नाही. त्या बायांपैकी एक माझ्याकडे आयोडेक्स घ्यायला आली, तिनं सांगितला.

* * *

त्याच हंगामात गाडी खोकायला लागली. सलीम मिस्त्रीनं हवेचा फिल्टर उघडला आणि आत बोट घातलं. कापूस निघाला. रस्त्यानं कापसाच्या गाड्या जातात, कापूस उडत असतो, आणि ही जमिनीला तोंड लावून पळणारी. जेवढा रस्त्यावर सांडला तेवढा तिनं खाल्ला होता. सलीम ओढतो आहे आणि येतोच आहे. मी हबकून पाहत होतो. आता भाऊ संतापतील, गाडीला शिव्या देतील, निदान विकून तरी टाकतील, अशी मला आशा होती.

भाऊंनी त्यातला एक पुंजका उचलला. दोन्ही चिमटीत धरून हळूच ओढला, उजेडाकडे धरला, पुन्हा ओढला. धागा पाहिला.

"सलीम," ते म्हणाले, "भल्ला लांब धागा हाये. कोन्या गावचा असन?"

राहिलेला कापूस भाऊंच्या आईनं वाती करायला मागवून घेतला. तेलकट आहे असं सलीमनं सांगून पाहिलं. आजी म्हणाल्या, "मंग चांगलंच हाये. तेल कमी लागन."

* * *

एक दिवस मी न राहवून विचारलंच. "काऊन घेतली बे ही? सांग ना."

भाऊ म्हणाले, "त्या गाडीत मी नुसता बसत होतो, बंडू. सगळं तिचं तेच करे. हिच्यात मी चालवतो. हात दुखतेत, कान दुखतेत, पन मी चालवतो."

मला पटलं. वाईट म्हणजे हेच, की मला पटलं. पण हे बोलताना पाच वाजत आले होते आणि भाऊंची नजर स्टँडवर होती. वडनेरची एसटी यायची वेळ. ते रोज त्या वेळी बाकावर येऊन बसायचे. वहिनी उतरायच्या, आमच्याकडे बघून हात करायच्या, भाऊंच्या अंगावरून पुढं जायच्या.

वहिनींचं बोलणं काही बंद पडलेलं नव्हतं. ते आता एसटीत होत होतं. पाचची गाडी गच्च भरून यायला लागली. लोक रिकामी गाडी सोडून हिची वाट बघतात, असं कंडक्टरच सांगायचा. त्या दिवशी तो डोकेदुखीची गोळी घ्यायला आला आणि भाऊंना पाहून त्यानं हात पुढं केला.

"अभिनंदन भाऊ. मॅडम हेडमास्तर झाल्या. सगळ्या गाडीले पेढे देले त्याईनं."

भाऊंनी हात हातात घेतला. कंडक्टर गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "मले नाई सांगतलं तिनं."

ते तसेच उठून घरी गेले. काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं. वहिनी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांगतलं होतं ना. हेडमास्तरसाठी माहं नाव गेलं म्हनून. त्या दिवशी, गाडीत. तुमी हो हो म्हनले."

हे भाऊंनी बाकावर येऊन सांगितलं. भाऊंनी तिथूनच पुण्याला फोन लावला, जुनी गाडी परत द्या म्हणून. तिकडच्या माणसानं ती कधीच पुढं दिली होती.

* * *

त्यानंतर भाऊ बाकावर आले नाहीत. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी संध्याकाळी पाचची एसटी आली आणि वहिनी उतरल्या नाहीत. कंडक्टर म्हणाला, मॅडम आज बसल्याच नाहीत, लोक नाराज आहेत.

थोड्या वेळानं एक ट्रॅक्टरवाला दुकानाशी थांबला. "तुमच्या भाऊची लाल गाडी बंद पडली ना. वडनेरच्या अलीकडं, लिंबाखाली. दोघंबी आत हायेत. मी दोर देतो म्हनलं तं भाऊ बोललेच नाईत."

मी शटर ओढलं. गवई सरांना मागं बसवलं, वाटेत सलीम मिस्त्रीला त्याच्या पान्यांसकट उचललं आणि आम्ही तिघं एका मोटारसायकलवर हायवेनं निघालो. सर पूर्ण रस्ता एकच म्हणत होते, "आज त्याच्या गाडीत बसल्या होत्या हो त्या. आजच बसल्या होत्या."

लिंबाखाली गाडी उभी होती. दोन्ही बाजूच्या काचा उघड्या. इंजिन बंद. शेतातून परतणारी पाचसहा माणसं जरा लांब उभी राहून बघत होती. मी धावत जाऊन वाकलो. भाऊ स्टेअरिंगमागे होते, पण हात मांडीवर. गाडीची किल्ली वहिनींच्या मुठीत होती. वहिनी बोलत होत्या.

सलीमनं पाना काढला. "भाऊ, खोलू का?"

भाऊंनी आमच्याकडे न पाहता नुसता हात वर केला, थांब म्हणून. वहिनींचं बोलणं तुटलं. त्यांनी एकदा आम्हा तिघांकडे पाहिलं, मग भाऊंकडे वळल्या.

"कुठपर्यंत सांगतलं होतं मी?"

भाऊ म्हणाले, "मंधल्या सुट्टीपर्यंत."