खालच्या पट्टीतलं डूम-डूम

ओजिमातल्या आमच्या आताच्या घरात आज मी भांडी घासत असताना माझा नवरा, नितीन, खालच्या पट्टीत डूम-डूम करू लागला. मी मनाने एकदम, आम्ही आधी राहायचो त्या नागोयातल्या एका जुन्या कॅफेत जाऊन पोचले.

तिथे भाजलेल्या कॉफीचा वास पडद्यांतसुद्धा मुरला होता. अमेरिकन गाणं लागलं होतं. वाद्यं जवळजवळ नाहीतच, मागचे गायक तोंडानेच डूम-डूम ठेका धरत होते. म्हाताऱ्या मालकांनी आम्हाला रेकॉर्डचं कव्हर दाखवलं. एकसारख्या कोटांतली पाच तरुण पोरं.

"यातलं आता कुणीच नाही," ते म्हणाले. "एकेक जण गेला, तसा नवा आला. ग्रुपचं नाव तेच, कोटही तसेच."

"मग हे पाच जण कुठे गेले?" नितीनने विचारलं.

"ते कव्हरवर लिहीत नाहीत."

नितीन हसला. सबवेत घरापर्यंत डूम-डूम करत आला. स्वारी खुशीत आहे, असं मला वाटलं. त्याचं तिथलं कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर कळलं, त्या दिवसांत तो आपलं काम एका नव्या माणसाला शिकवत होता.

मी नळ बंद केला.

"नितीन, ऑफिसात कुणी नवीन आलंय का?"

डूम-डूम थांबलं.