बाजूच्या घरी दिलेलं पार्सल

आईला अंथरुणातून उठणं जमेनासं झालं तेव्हा तिने माझ्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. तिच्यासाठी लागणारे डायपर मी बाजारातल्या मेडिकलमधून आणायचे नाहीत. "दुकानात चार जण उभे असतात. संध्याकाळपर्यंत गावभर होईल," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि बाजूला तर अजिबात कळता नये, बाय."

बाजूला म्हणजे माझ्या चुलतभावाच्या, दादाच्या घरी. आमचं घर आगरदांड्याच्या जेट्टीपासून चालत पंधरा मिनिटांवर. मूळ घर एकच होतं. वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा मधोमध विटांची भिंत घातली. मागे विहिरीकडे जाणारा बोळ तेवढा वाटायचा राहिला, आणि तो कोणाचा यावरून दादाचा नि माझा दावा आठ वर्षं अलिबागच्या कोर्टात पडून होता. दादाची आई तो रांगत असतानाच गेली. माझ्या आईनेच त्याला भरवून मोठं केलं. पण कागद कोर्टात गेले आणि त्याने आमच्या पायरीवर पाय ठेवणं सोडलं. आम्हीही सोडलं.

मी मुरूडच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते. लग्न केलं नाही, घरात आई आणि मीच. सकाळी एक बाई येऊन आईला पुसूनबिसून, जेवण भरवून बारा वाजता जायची. मी पुढच्या दाराला कुलूप लावून जायचे, मागचं दार नुसतं ओढून घेतलेलं असायचं. साडेचारला मी परत येईपर्यंत आई एकटी.

पहिलं पार्सल आलं त्या दिवशी फोनवर संदेश होता, पार्सल पोचलं. घरी येऊन बघते तर पायरीवर काही नाही. कुरियरवाल्याला फोन लावला. तो पन्नाशीचा माणूस, आमच्या पट्ट्यातली सगळी गावं स्कूटरवरून एकटाच करायचा.

"बाजूच्या वहिनींकडे दिलंय," तो म्हणाला. "आडनाव एकच, घर नंबर पण तोच. मला वाटलं घरातलंच."

"मला विचारायचंत तरी."

"दोनदा फोन लावला, मॅडम. लागला नाही."

ते खरं होतं. शाळेच्या ऑफिसात रेंज नसते.

आठ वर्षांनी मी त्या दारात जाऊन उभी राहिले. वहिनी आतून पार्सल घेऊन आली. जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळून वर सुतळी बांधलेली. "हे तुमचं, वन्सं," एवढंच म्हणाली. घरी येऊन सुतळी सोडली तेव्हा कळलं की कंपनीने खोकं वर काही न गुंडाळता तसंच पाठवलं होतं, वर हसऱ्या म्हाताऱ्या बाईचं चित्र आणि ठळक अक्षरांत सगळं छापलेलं. कागद वहिनीने गुंडाळला होता. मला त्यात तिचा चांगुलपणा दिसला नाही. तिला कळलं, एवढंच दिसलं. आईला मी काही बोलले नाही.

कुरियरवाल्याला मी बजावलं की पार्सल बाजूला द्यायचं नाही. तो हो म्हणाला. पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच दिलं. "परत नेलं तर मला बोलणी बसतात, मॅडम," म्हणाला. मी पुन्हा जाऊन कागदात गुंडाळलेलं खोकं घेऊन आले.

तिसऱ्या वेळी मात्र संध्याकाळी आले तर खोकं आईच्या खाटेखाली ठेवलेलं होतं. आईची वेणी घातलेली होती.

"ती आलेली," आई म्हणाली. "मागच्या दाराने. तू उगाच कशाला हेलपाटा घालतेस म्हणाली."

"तुला चाललं?"

"पाठ पुसून दिली. पेज आणलेली, कुळथाच्या पिठल्याबरोबर." माझ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "चालेल की, बाय. घरचीच हाय ती."

ज्यांना कळू नये म्हणून माझ्याकडून वचन घेतलं त्यांच्याचकडून तिने पाठ पुसून घेतली होती. मला ते लागलं. रोज पहाटे उठून तिचं सगळं मी करत होते, आणि माझ्या हातच्या पेजेबद्दल ती इतकं कधी बोलली नव्हती.

त्यानंतर वहिनी रोज दुपारी यायला लागली. पार्सल असो वा नसो. मला आईच्या अंगाला लावलेल्या खोबरेलाच्या वासावरून कळायचं.

तारखेला अलिबागला गेले तेव्हा वकिलांच्या कानावर हे घातलं. सल्ला विचारला नव्हता, नुसतं सांगितलं. त्यांनी फाइल मिटली.

"कोणत्या वाटेने येतात त्या?"

"बोळातून."

"मग आजच बंद करा. उद्या वहिवाट दाखवतील. आम्ही इथूनच रोज जातो-येतो म्हणून."

मी येताना बाजारातून कुलूप घेतलं आणि मागच्या दाराला लावलं. बाराला जाताना ते दाबून लावायचं असं बाईला सांगितलं, किल्ली माझ्याकडेच ठेवली. त्याच रात्री कंपनीकडे तक्रार टाइप केली: माझ्या संमतीशिवाय माझी पार्सलं शेजारी देऊ नयेत. दुसऱ्या दिवशी माफीचं उत्तर आलं. ते वाचून मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. नियमाने मी बरोबर होते. पत्ता बदलून मी शाळेचा दिला.

पुढचं पार्सल घेऊन कुरियरवाला शाळेत आला. सही घेताना म्हणाला, "मॅडम, वर तक्रार करायला नको होती. मला सांगितलं असतंत."

"सांगितलं होतं."

"हो," तो म्हणाला. "सांगितलं होतंत."

आईने तिसऱ्या दिवशी विचारलं, "मागे कुलूप लावलंस?"

"चोऱ्या होतायत सध्या."

तिने पुन्हा विषय काढला नाही. वहिनी का येत नाही, हेही विचारलं नाही. फक्त खाणं कमी झालं. मी विचारलं की म्हणायची, भूक नाही. खाट मधल्या भिंतीलगत होती, ती बराच वेळ भिंतीकडे तोंड करून असायची. मला वाटायचं, उजेड डोळ्यांवर येत असेल. मी खिडकीला पडदा शिवला.

भातं कापून झाली होती, त्या सुमाराची गोष्ट. दुपारी पावणेदोनला कुरियरवाला शाळेच्या ऑफिसात आला. हातात पार्सल नव्हतं.

"तुमच्या वहिनींचा फोन आला," तो म्हणाला. "तुमचा नंबर त्यांच्याकडे नव्हता, माझ्याकडे मागितला. तुमचा लागेना म्हणून मीच आलो. आईंना बरं नाही. बसा मागे."

त्याच्या स्कूटरवर बसून मी घरी आले. बोळात गेले तर दादा मागच्या दारापाशी उभा होता, हातात पहार. वहिनी खिडकीशी होती. पडदा बाजूला सारून, गजांना कपाळ टेकून ती आत बोलत होती, "आल्या हां काकी, वन्सं आल्या." तिचा एक हात खांद्यापर्यंत आत गेला होता. खाटेपर्यंत तो पोचत नव्हता.

"तोडणार होतो," दादा म्हणाला. आठ वर्षांत तो माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. "पण बोळातल्या कशाला हात लावायचा नाही असा कोर्टाचा हुकूम आहे ना. म्हणून थांबलो."

मी कुलूप उघडलं. आईचे डोळे उघडे होते, वाचा गेली होती. दादाने तिला एकट्याने उचललं. मुरूडला नेलं, आणि संध्याकाळी ती गेली. तासभर आधी आणलं असतं तर काही फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

बाराव्याला माणसं पांगल्यावर वहिनी भांडी आवरत होती. मी तिला विचारलं, त्या दिवशी तुम्हाला कळलं कसं.

"कुलूप लागलं तेव्हापासून काकी दुपारी मधल्या भिंतीवर वाटी वाजवायच्या," ती म्हणाली. "मग मी पण वाजवायची इकडून. रोज बोळात येऊन बोलता येत न्हाय तर न्हाय, जाग हाय एवढं तरी कळायचं. त्या दिवशी वाटी खाली पडली. मी वाजवत राहिली. पलीकडून काय न्हाय."

"मला बोलली नाही ती."

"तुम्हाला त्रास नको म्हणायच्या." ताट पुसून तिने उपडं ठेवलं. "मी एकदा खिडकीशी येऊन म्हटलं त्यांना, कुलूप काढायला वन्संना सांगा, त्या काय नको म्हणणार न्हाईत. तर म्हणाल्या, तिला आधीच किती व्याप."

तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या तारखेला आम्ही तडजोड केली. बोळ दोघांचा. वकील नाराज झाले, पण कागदावर सह्या व्हायला पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. परत येताना दादा आणि मी एकाच एसटीत होतो. आधी दोघांची तिकिटं काढून तो पुढे बसला होता, रेवदंड्याला गाडी रिकामी झाली तेव्हा माझ्या शेजारी येऊन बसला.

मग म्हणाला, "पहार घालायला हवी होती मी. काय केलं असतं कोर्टाने?"

कुलूप मी लावलं होतं, तू नाहीस, असं मला त्याला सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं. पण कंडक्टर तिकिटं तपासत आला, दादाने आमची दोघांची तिकिटं खिशातून काढून दाखवली, आणि मग ते राहून गेलं. मुरूडला उतरल्यावर त्याने माझी पिशवी घेतली आणि आम्ही आगरदांड्याच्या रिक्षेसाठी उभे राहिलो.