धूर न येणारी बाटली

माझ्या ताईला किळस फार. दुसऱ्याच्या पेनाचं चावलेलं टोपण, बोटाला थुंकी लावून पानं उलटणारी माणसं, ओशट फडक्यानं पुसलेलं टेबल, सगळ्यांसाठी तिचं ‘शी!’ तयार असतं. भावोजी म्हणतात, ‘मला पहिल्यांदा बघूनही ती हेच म्हणाली होती.’ पण तिला खरी शिसारी येते ती न मोजता ‘मोजलं’ म्हणून सांगणाऱ्यांची. आणि त्या बाबतीत मी तिचाच भाऊ आहे.

ती कॉलेजात रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेते. घरी संडास धुवायचं ॲसिडसुद्धा आम्हाला कुणाला हाताळू देत नाही. बादलीत आधी पाणी, मग त्यात बारीक धारेनं ॲसिड. उलटं केलं तर उसळून तोंडावर येईल, हे तिनं इतक्यांदा सांगितलंय की भावोजी चहातसुद्धा दूध विचारून घालतात.

परीक्षेसाठी पातळ ॲसिड बनवायचं काम तिच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, स्वतःकडे घेतलं. संहत हायड्रोक्लोरिक ॲसिडची बाटली कपाटात कधीपासून सैल बुचानं पडून होती. त्या वाफांनी कपाटाच्या बिजागऱ्या गंजून पार खाल्ल्या होत्या. सरांनी बूच काढलं तेव्हा ताई शेजारीच होती.

“सर, हिला धूरच येत नाही. ताकद उडून गेलीय. आधी तपासू या.”

“बरंय की! खोकला नाही येणार.” सर हसले. “लेबलवर बारा मोलर आहे ना? आपल्याला पाव-अर्धा नाही, एक दशांश मोलर हवंय. सव्वाआठ मिलिलिटरच्या जरा वर घ्यायचं, पाणी घालून लिटर करायचं. झालं!”

गणित बरोबर होतं. बाटली खोटी होती. आणि लेबल वाचणाऱ्या माणसाला बाटलीत काय आहे याच्याशी काय देणंघेणं!

त्यांच्या कॉलेजची एक घाणेरडी रीत आहे. परीक्षेच्या सकाळी सर व्हरांड्यातून फिरता फिरता म्हणतात, “दहा मिलिलिटर ॲसिडला अल्कलीही दहाच्या आसपास लागायला हवी, बरं का.” मग पोरं ब्युरेटमधून अल्कली सोडल्यासारखं करतात आणि उत्तर लिहून टाकतात. कुणी दहा, कुणी नऊ पूर्णांक नऊ, कुणी दहा पूर्णांक एक. खोटंही जरा खरं दिसावं ना!

त्या दिवशी एकाच मुलीनं सात लिहिलं. शांत, मागच्या टेबलावरची मुलगी. बाहेरून आलेले परीक्षक ब्युरेटच्या शेजारीच कागद पसरून खात होते. तेलकट बोटांनीच त्यांनी तिचा पेपर उचलला, नापास होईल इतकेच गुण दिले आणि बाजूला सरकवला. प्रॅक्टिकलमध्ये नापास म्हणजे मुलीचं वर्ष गेलं.

ताईनं तो पेपर पाहिला. सरांनी बनवलेलं तेच ॲसिड दहा मिलिलिटर घेतलं आणि परीक्षकांसमोर थेंब थेंब अल्कली सोडली. अल्कलीची ताकद तिनं स्वतः आधीच तपासलेली होती. सातालाच गुलाबी रंग आला, म्हणजे ॲसिडच कमजोर. पुन्हा केलं, पुन्हा सात.

“हिचं बरोबर आहे. बाकी कुणी मोजलेलंच नाही.”

परीक्षकांनी दातात अडकलेलं काहीतरी जिभेनं काढलं. “मॅडम, एवढी सगळी पोरं चुकली आणि ही एकटी बरोबर?”

“हो.”

“मग काय, सगळ्यांची परीक्षा परत घ्यायची?” मोठे सर कळवळून म्हणाले.

“घ्या.”

कुणी काही घेतलं नाही. सरांनी मुलीलाच बोलावलं आणि पेपर तिच्या हातात दिला. “बाळ, तुझं रीडिंग परत एकदा नीट आठव बरं. तुझं वर्ष वाया जाऊ नये असं आम्हाला वाटतं.”

ताई म्हणाली, “तू जे पाहिलंस तेच सांग. मी आत्ता करून पाहिलंय. मी आहे इथे.”

मुलीनं एकदा ताईकडे पाहिलं, एकदा सरांकडे.

“मॅडम, माझंच काहीतरी चुकलं असेल.”

तिथंच उभं राहून तिनं सात खोडलं, दहा लिहिलं, खालचं सगळं गणित नव्यानं मांडलं. सरळ रेघा, सुरेख अक्षर, उत्तर बिनचूक. परीक्षकांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि बोटं रुमालाला पुसली.

ताई घरी आली ती थेट मोरीत गेली. साबणानं हात घासत राहिली, कोपरापर्यंत. मी दारात उभा होतो. सगळं ऐकून तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो, “जाऊ दे ना. पोरगी पास झाली, वर्ष वाचलं. घाबरली असेल बिचारी.”

“घाबरली असती तर मला चाललं असतं रे.” ताईनं नळ बंद केला. “बाहेर पडताना माझ्यापाशी थांबली. म्हणाली, ‘थँक्यू मॅडम, तुम्ही बोललात म्हणून दुरुस्त करता आलं.’ आणि हसली. अगदी मनापासून हसली.”