येवा, तुडूम आणि सलंग

लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, आणि मी गेलो तोही संगणक शिकायला, साहित्य नाही. वाक्य कुठे अडखळलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. गोष्टही मोठी नाही. एका यंत्राच्या मागच्या तीन भोकांना मी नावं दिली, एवढीच. पण माझं पुढचं वर्ष त्या नावांवर अडकलं होतं, म्हणून लिहितो आहे.

शेवटच्या वर्षाला असताना आमच्या सरांनी कॉलेजचा सर्व्हर माझ्याकडे सोपवला. लिनक्सवर चालणारा, जुना, पंख्याचा आवाज करणारा. त्याच्या मागे केबल खोचायला तीन जागा होत्या. एका जागेतून बाहेरचं इंटरनेट आत यायचं, दुसरीतून ते ऑफिस आणि लॅबला जायचं, तिसरीतून हॉस्टेलच्या वायफायला. यंत्र या जागांना स्वतःच नावं देतं, पण ती अक्षरं आणि आकड्यांचा गोळा असतात. मला स्वतःलाच ती लक्षात राहत नसत. सर म्हणाले, तुला सोयीची नावं ठेव. प्रत्येक जागेमागच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच एक कायमचा क्रमांक मिळालेला असतो. त्या क्रमांकाला आपलं नाव बांधलं की झालं.

आमच्या घरी मुलांना नावाने हाक मारायची पद्धत नाही. मोठा, मधला, लहाना असंच चालतं. शाळेच्या दाखल्यावरचं नाव शाळेपुरतं. मला वेगळं काही सुचलं नाही, म्हणून मी तीन जागांची नावं वरून खाली मोठा, मधला, लहाना अशीच ठेवली आणि फार समाधानाने झोपलो.

ते समाधान फार टिकलं नाही. ऑफिसात शिष्यवृत्तीचे अर्ज भरणं चालू होतं आणि हॉस्टेलचं वायफाय अडकलं. मी वर्गात होतो. सरांनी लॅब सांभाळणाऱ्या भाऊंना फोनवर सांगितलं की लहान्याची केबल काढून परत लावा. भाऊ जागेवर गेले आणि मोजायला लागले. मी वरून मोजलं होतं, त्यांनी खालून मोजलं. बाहेरून येणारी केबलच त्यांच्या हातात आली. सगळं कॉलेज बंद पडलं आणि ऑफिसचे बाबू व्हरांड्यात येऊन जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भाऊंचा यात काहीच दोष नव्हता. घरात कोण मोठा आणि कोण लहाना हे घरच्यांनाच माहीत असतं. पाहुण्याला विचारावंच लागतं. सर रागावले नाहीत, पण त्यांनी एक गोष्ट सांगितली. पुढच्या आठवड्यात बाहेरून एक मॅडम तपासणीला येणार होत्या. एका मुलाला वर्षभर सर्व्हरच्या कामावर मानधन देऊन ठेवायचं की नाही, हे त्या ठरवणार होत्या. ती जागा मिळाली तर मी पुढे शिकू शकत होतो. नाही मिळाली तर गडचांदूरला मामांनी सिमेंट कारखान्यातल्या ठेकेदाराकडे माझ्यासाठी शब्द टाकून ठेवलाच होता.

त्या रविवारी मी गावी आलो. आमचं गाव पोंभुर्ण्याकडचं. घरची शेती थोडी आणि जुन्या मालगुजारी तलावातली, आम्ही मामा तलाव म्हणतो त्यातली, मासेमारी जास्त. बाबांसोबत जाळं ओढताना पाळीकडे, म्हणजे तलावाच्या बांधाकडे, पाहत होतो. तलावाच्या प्रत्येक भागाला आमच्याकडे कामावरून नाव आहे. पाणी येतं तो येवा. पाळीतल्या ज्या दाराची खुंटी काढून शेताला हवं तेवढं पाणी सोडतात ते तुडूम. आणि तलाव भरल्यावर उरलेलं पाणी ज्या सखल कडेवरून वाहून जातं ती सलंग. हॉस्टेलला उरलेलंच इंटरनेट द्यायचं हा तर सरांचाच नियम होता. हे जमून येताना दिसलं आणि माझ्या हातून जाळं सुटलं. बाबांनी विचारलं की लक्ष कुठे आहे. मी म्हटलं, कॉलेजात. ते म्हणाले, मग कॉलेजातच जा.

सोमवारी नावं बदलली: बाहेरून येणारं ते येवा, ऑफिस-लॅबचं तुडूम, हॉस्टेलची सलंग. लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. पण नुसतं नाव बदलून भागत नाही. कोणाला आत येऊ द्यायचं, कोणाला नाही, याचे नियम जुन्याच नावांनी लिहिलेले होते. बारसं झाल्यावरही घरातले जुन्याच नावाने हाका मारत राहतात आणि मूल वळून पाहत नाही, तसं सर्व्हरचं झालं. एकेक नियम शोधून त्यात नवी नावं घातली, आणि यंत्रामागे त्याच नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

हॉस्टेलात माझ्या खोलीतला मित्र एटापल्लीकडचा. घरी गोंडी बोलणारा. त्याने चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाला, "सर्व्हर हाय का मामा तलाव? उद्या त्यात मासे सोडशील." त्यांच्या गावाशेजारून नाला वाहतो, तुडूम कशाला म्हणतात हे त्याला ठाऊक नव्हतं. मी एकदा सांगितलं. मग तो गंभीर झाला. बाहेरच्या मॅडमला हे खेडवळ वाटेल, सगळीकडे चालतात ती इंग्रजी नावं ठेव, काऊन उगाच जोखीम घेतो, असं त्याचं म्हणणं. मला ते पटत होतं. रात्री मी नावं बदलायला बसलोही. पण दुसऱ्या दिवशी हाच मित्र हॉस्टेलात वायफायवरून कुरकुरणाऱ्या एका पोराला समजावताना ऐकला. "आपली सलंग हाय बे. ऑफिसचं भरल्यावरच आपल्याले भेटन." मग मी नावं तशीच राहू दिली.

मॅडम आल्या. त्यांनी स्क्रीनवरची नावं वाचली आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार?"

"नावांच्या प्रत्येक फाईलमध्ये इंग्रजीत अर्थाची एक ओळ लिहिली आहे, मॅडम," मी म्हणालो. आणि तिथेच थांबायला हवं होतं, पण पुढे बोलून गेलो, "बाहेरचा माणूस कधीतरी येतो. केबलला रोज हात इथल्याच लोकांचा लागतो."

सरांनी छताकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "रीस्टार्ट करा."

पंखा थांबला. यंत्र परत सुरू होईपर्यंत मी फक्त एकच विचार करत होतो, की जुनं नाव एखाद्या नियमात राहून गेलं असेल तर संपलं. स्क्रीन उजळली. येवा, तुडूम, सलंग, तिन्ही आपापल्या जागी. ऑफिसचे बाबू दारातून डोकावून म्हणाले, "आमचं चालू हाय, बाई." मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं, भाऊंच्या हातचा चहा घेतला आणि निघून गेल्या. बरं म्हणाल्या नाहीत, वाईटही म्हणाल्या नाहीत.

परीक्षा झाली, मी गावी आलो. दिवस जात होते. आमच्या घरात फोन नीट लागत नाही. मामांचा निरोप मात्र दोनदा पोचला की ठेकेदार विचारतो आहे. आईने माझे कपडे धुऊन घडी घालून ठेवले. कुठे जायचं ते तिने विचारलं नाही.

बाजाराच्या दिवशी बाबा मासे घेऊन पोंभुर्ण्याला गेले आणि संध्याकाळी परत आले. सायकल टेकवली, पाय धुतले, आईकडे भजीची पुडी दिली. मग खाटेवर बसून म्हणाले, की कॉलेजातले ते लॅबवाले भाऊ बाजारात भेटले होते, बऱ्याच दिवसांपासून तुझा फोन लावून राह्यले म्हणत होते. मी काही विचारायच्या आत आईने विचारलं, मग काय म्हणाले.

"तुह्या सरानं सांगतलं," बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "येत्या एक तारखेपासून कामावर ये म्हणे. वर्षभराची जागा तुले देल्ली."