आप्पांना काढण्यासाठी घेतलेली निवडणूक

चहा घ्या आधी, चहा! कारण आता जी फजिती सांगणार आहे ती ऐकून तुम्ही हसणार, आणि ज्याच्यावर हसणार तो समोरच बसलेला असणार. माझी हरकत नाही. दहा वर्षं ही गोष्ट पोटात ठेवली. ज्यांच्यामुळे ठेवता आली त्या माणसाचे उपकार फिटणं शक्य नाही, निदान चारचौघांत सांगून तरी टाकावेत.

तर तेव्हा साहेबाचं राज्य होतं आणि मी जिल्हा बोर्डाचा सभासद होतो. हसू नका! खरोखर होतो. एवढंच नव्हे, बोर्डातल्या आमच्या पक्षाचा चिटणीस होतो. का? तर पक्षात मॅट्रिक पास मी एकटा, आणि शाईचं पेनसुद्धा माझ्या एकट्याकडे.

आमचे पुढारी आप्पा. प्रकाशा गावाजवळ तापीकाठी त्यांची शेती. पागोटं, बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर. सही करायची म्हटली की बोर्डाची अख्खी बैठक थांबायची. पण शहाद्यापासून नवापूरपर्यंत कोणत्या गावच्या विहिरीला किती पाणी आहे, ते विचारा! बोर्डाच्या दप्तरात नसेल ते आप्पांच्या डोक्यात असायचं.

मग आली निवडणूक. आम्ही हरलो. हरलो म्हणजे काय, पार भुईसपाट झालो! आधी पंधरा होतो, ते उरलो पाच.

आता पराभव झाला की कुणाला तरी धरून झोडायचं असतं. मी आप्पांना धरलं. मनातल्या मनात हो! तोंडावर बोलायची छाती कुणाची? पण मनात म्हटलं, प्रचाराच्या ऐन धामधुमीत हा माणूस दोन दिवस कुणाचा बैल विहिरीतून काढत बसला. समोरचे लोक मोटारीतून भाषणं देत फिरत होते आणि आमचा पुढारी बैलाच्या शेपटीला धरून उभा! असा पुढारी ठेवून चालेल का? नवा पुढारी नको का? शिकलेला, कोट घालणारा, खणखणीत भाषण करणारा?

असा कोण होता आमच्यात? आता माझ्याच तोंडून कशाला वदवून घेता!

पाचांत आप्पा आणि मी सोडून उरले तिघं. नाना, जिभाऊ आणि याकूबभाऊ. नाना आणि जिभाऊ आमच्याकडचे सपाटीवरचे शेतकरी. याकूबभाऊ चिंचपाड्याकडचे ख्रिस्ती शेतकरी, मिशनच्या शाळेत शिकलेले, अगदी स्वच्छ मराठी बोलायचे. मी एकेकाला गाठून चाचपलं.

नाना म्हणाले, "तू शिकेल मानूस शे भाऊ. तुले आमनापेक्षा जास्त समजस."

झालं! एक मत.

जिभाऊ म्हणाले, "आप्पाले कोनी तरी सांगाले पाहिजे, आते आराम करा म्हनीसन."

दुसरं मत! आणि तिसरं माझं. पाचात तीन. याकूबभाऊंकडे मी गेलोच नाही. गरज काय? मी घरी येऊन पुढाऱ्याचं पहिलं भाषणही रचलं. दोन दिवस ते बैलांसमोर म्हणून दाखवलं. बैलांनी एकदाही हरकत घेतली नाही.

पुढारी निवडायची बैठक आप्पांच्याच घरी ठरली. पण अडचण अशी की आप्पांच्या समोर आप्पांच्या विरुद्ध हात कोण वर करणार? मत गुप्त पाहिजे. चिठ्ठीवर लिहून घ्यावं तर नाना आणि जिभाऊंना लिहिता येत नाही. मग मला सुचली युक्ती! निवडणुकीत अडाणी मतदारांसाठी रंगीत पेट्या ठेवल्या होत्या ना? तसंच काहीतरी करायचं. मी पाच पुड्या बांधल्या. प्रत्येक पुडीत मूठभर ज्वारी आणि एक लाल सुकी मिरची, आमच्याच शेतातली, चांगली लांबलचक. आप्पा राहावेत असं वाटणाऱ्यानं ज्वारी मडक्यात टाकायची. नवा पुढारी हवा असणाऱ्यानं मिरची टाकायची. उरलेलं खिशात घालून परत यायचं. काय वाईट होतं सांगा? बॅरिस्टरालाही सुचलं नसतं!

मडकं ठेवायला आडोसा हवा, म्हणून ते स्वयंपाकघरात ठेवलं. तिथं चुलीपुढं आक्का बसलेल्या. आक्का म्हणजे आप्पांच्या घरच्या. मी त्यांना जरा बाहेर बसायची विनंती केली.

"भाकरी करपी जाई ना भाऊ!" आक्का म्हणाल्या. "तुमनी सभा तठे करा. मन्ही चूल आठेच ऱ्हाई."

म्हटलं बसू दे. त्यांना काय कळणार आहे राजकारणातलं?

सकाळची वेळ. ओट्यावर सगळे जमले. आप्पा काहीतरी सांगायला तोंड उघडत होते, तेवढ्यात मी उठून भाषण सुरू केलं. शुद्ध मराठीत! "पक्षाच्या पराभवाची मीमांसा करता, नेतृत्वपरिवर्तन अपरिहार्य आहे असे ज्या सन्माननीय सभासदांचे मत असेल, त्यांनी मिरची आणि विद्यमान नेतृत्व अबाधित राहावे असे ज्यांचे मत असेल, त्यांनी ज्वारी त्या घटात समर्पित करावी."

नाना माझ्याकडे बघत राहिले. जिभाऊंनी तंबाखूची चिमूट तोंडाशी नेता नेता थांबवली. मला वाटलं, भाषणाचा परिणाम! आणखी सोपं करावं म्हणून मी पुड्या वाटत वाटत अहिराणीत नियम सांगितले.

"एक एक करीसन आत जानं. कोनसंगे बोलानं नही. मांगे वळीसन देखानं नही. काय करं ते कोनले सांगानं नही."

"हां!" नानांचा चेहरा उजळला. "आस्सं सांग ना भाऊ!"

"समजनं!" जिभाऊ म्हणाले. "बेस काम करं तू."

बघा, मी मनात म्हटलं, सोप्या भाषेत बोललं की कसं पटकन समजतं!

चिटणीस म्हणून पहिला मीच आत गेलो. नशीब असं की आक्का तेवढ्यात परसातून काटक्या आणायला गेल्या होत्या. मडक्यात मिरची टाकली, ज्वारी कोटाच्या खिशात घातली आणि छाती काढून बाहेर आलो.

मग नाना गेले. बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा डोळे लालभडक, गालांवरून पाणी ओघळतंय.

मला गलबलून आलं हो! वाटलं, बिचारा! आप्पांच्या विरुद्ध मत देताना किती जड गेलं असेल!

मग जिभाऊ. ते तर बाहेर आले ते उपरण्यानं तोंड झाकून, खोकत, हुंदके आवरत. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बोलायचं नव्हतंच. डोळ्यांनीच म्हटलं, जिभाऊ, पक्षासाठी मन घट्ट करावं लागतं.

आतून ठसका लावणारा वास येत होता. म्हटलं, आक्कांनी भाजीला फोडणी घातली.

याकूबभाऊ गेले आणि परत आले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी! अरे वा! म्हणजे हेही आपलेच! पाचात चार! मला तर आता भाषणाचा शेवट पुन्हा आठवून ठेवायची घाई झाली.

शेवटी आप्पा. "मन्हाबद्दल मीच काय सांगू?" असं म्हणत होते, पण मी नियमावर बोट ठेवलं. गेले बिचारे. आत बराच वेळ होते. आले ते गंभीर चेहऱ्यानं, आणि माझ्याकडे एकदा बघून खाली बसले. मला त्या नजरेची फार कीव आली. आता विचार केला की वाटतं, कीव त्यांना येत होती.

मी मडकं आणलं. घसा साफ केला आणि घोंगडीवर पालथं घातलं.

ज्वारी! भळाभळा नुसती ज्वारी! आणि त्या ज्वारीच्या ढिगावर आडवी पडलेली एक मिरची. लांबलचक, लाल आणि एकटी.

माझी.

"आं?" नाना पुढे सरकले. "ही मिरची आठे कशी ऱ्हायनी? कोनी जाळी नही?"

"जाळली?" मी किंचाळलो. "जाळायची कशाला?"

"आरे भाऊ, तूच ते सांगं ना! बोलानं नही, मांगे देखानं नही, कोनले सांगानं नही! मंग मिरची कसाकरता दिधी व्हती? आप्पानी नजर काढाकरताच ना?"

आमच्या मुलखात कुणाला नजर लागली की मीठमोहरी आणि लाल मिरची ओवाळून चुलीत टाकतात. टाकणारा तोंडातून शब्द काढत नाही, मागं बघत नाही, कुणाला सांगत नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि मी, मॅट्रिक पास, गुप्त मतदानाचे म्हणून नेमके तेच नियम सांगून बसलो होतो!

"पंधराना पाच व्हयनात!" जिभाऊ म्हणाले. "केवढी नजर लागनी व्हई आप्पाले! आमनं कोनं ध्यानमा उनं नही. एक तुन्हाच ध्यानमा उनं."

आत आक्कांनीही तेच ओळखलं होतं. हातात मिरची घेऊन मुक्यानं गडी चुलीपाशी आला, तर बाई दुसरं काय समजणार? आप्पा बाहेर, म्हणून त्यांनी आप्पांचं आत धुऊन ठेवलेलं पागोटंच समोर ठेवलं. प्रत्येकाच्या हातावर मीठमोहरी दिली. प्रत्येकानं पागोट्यावरून मिरची उतरवली, चुलीत टाकली, आणि ज्वारी मडक्यात ओतली. ते अश्रू कसले होते, ते आता तुम्हाला सांगायला नको.

"याकूबभाऊ, तुम्हीसुद्धा?" मी विचारलं.

"मी नजर मानत नाही, चिटणीस," ते शांतपणे म्हणाले. "पण आक्कांनी मीठमोहरी हातावर ठेवली. नाही कसं म्हणायचं? मी आधी प्रार्थना केली, मग टाकली."

"ते ऱ्हाऊ द्या," जिभाऊ ढिगाकडे बोट दाखवत म्हणाले. "ही मिरची कोननी शे?"

गेलो! संपलो! चौघांनी आप्पांची नजर काढायची आणि एकानं काढायची नाही, असा तो एक कोण? आता नाना विचारणार, जिभाऊ विचारणार, मग पाच गावं विचारणार. कोटात मला दरदरून घाम फुटला.

"ती मन्ही शे," आप्पा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"सोतानी नजर सोता कशी काढतस? म्हनीसन मडकामा टाकी दिधी. आनि मले आते आराम करना शे, तेबी खरं शे."

"नही नही!" नाना ओरडले. "आमी चार जन एकीकडे शेत. आप्पाच ऱ्हातीन पुढारी!"

"लिखी ले चिटनीस," जिभाऊ म्हणाले.

आणि मी लिहिलं! माझ्या पेनानं, माझ्या शुद्ध मराठीत, माझ्या सहीनिशी. आप्पांना काढण्यासाठी घेतलेल्या निवडणुकीत आप्पा चार विरुद्ध एक मतानं निवडून आले, आणि विरोधात मत दिलेला एकमेव माणूस म्हणून स्वतः आप्पांची नोंद झाली. घोंगडीवर पालथं पडून त्यांचे पाय धरावेत असं वाटत होतं. पण धरले असते तर कारण सांगावं लागलं असतं.

जेवायला ते तिघे आधी बसले आणि जेवून गाडीनं निघाले. आप्पा घरधनी, म्हणून मागं राहिले. मी तर घास गिळण्याच्या स्थितीतच नव्हतो, म्हणून मागं राहिलो. आम्ही दोघंच समोरासमोर बसलो. आक्कांनी ज्वारीच्या भाकरी वाढल्या. आप्पांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि एक मिरची काढली. लाल, लांबलचक, माझ्याच शेतातली. त्यांना दिलेल्या पुडीतली!

त्यांनी ती मधोमध मोडली आणि अर्धी माझ्या ताटात ठेवली.

"खाय," म्हणाले. बाकी काही नाही.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी अजून मिरचीला हातही लावला नव्हता.

"आप्पा, चुकलो," मी म्हणालो. "मला पुढारी व्हायचं होतं."

"मले ठावं शे," आप्पा भाकरी मोडत म्हणाले. "मी ते आज तुन्हंच नाव सांगनार व्हतू. पागोटं तुन्हा डोकावर ठेवानं म्हनीसन कालदिन धुईसन ठेवेल व्हतं."

घास माझ्या हातातच राहिला. "मग सांगितलं का नाही?"

"तू बोलू दिधं का? तुन्हं भाषन चालू व्हतं!"

"आता सांगा की!"

"आते कसं सांगू? तीन जनास्नी त्या पागोटावरून नजर उतारी. डोळास्मा पानी उनं तरी उतारी. आते ते दुसराले दिधं ते त्यास्ले काय वाटी?"

आणि आप्पाच पुढारी राहिले. तीन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो. पाच जणांचा पुढारी म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. दर बैठकीला उठायचं, बोलायचं, आणि हरायचं. समोरचे हसायचे, आप्पाही त्यांच्याबरोबर हसायचे. मग चहाच्या वेळी त्यांच्यातच जाऊन बसायचे, आणि संध्याकाळपर्यंत तोरणमाळकडच्या एखाद्या पाड्याची विहीर मंजूर करून उठायचे. मी असतो तर पहिल्याच बैठकीत भांडून बाहेर पडलो असतो, आणि माझ्यामागं बोर्डात कुणी उरलं नसतं. आज लोक मला चार माणसांत बसवतात, ते त्या तीन वर्षांमुळे. आणि त्या मिरचीबद्दल आप्पांनी कधी कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. आक्कांनाही नाही.

मी मात्र आजही हिशोब करतो. गप्प बसलो असतो तर पद घरी चालून येत होतं. पण मी निवडणूक घेतली! नुकताच आमचा पक्ष निवडणुकीत आपटला होता, हे पाहूनही घेतली. मतदार मी चाचपले, मतपेटी मी ठेवली, नियम मी केले, मतं मी मोजली. आणि समोर उमेदवार कुणी नसताना, ज्याला निवडून यायचंच नव्हतं अशा माणसाकडून पडलो!